सव्वाशें पौंडांची मोटार

मोडकी मोटार विकत घेऊन दारांत आणून उभी करणाऱ्या गृहस्थाला दोन प्रश्न हटकून विचारले जातात. शेजारी विचारतात, "केवढ्याला पडली?" आणि घरांतून विचारणा होते, "ही चालूं केव्हां लागायची?" पहिल्या प्रश्नाचें उत्तर तो मोठ्या ऐटींत देतो, दुसऱ्याच्या वेळीं त्याची नजर कुठें तरी दुसरीकडे वळते. चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला ही म्हण मोटारींहून जुनी असली, तरी ती जणूं याच व्यवहारासाठीं रचली गेली असावी. तथापि असे सर्वच सौदे अविचाराचे ठरत नाहींत. १९२५ सालीं इंग्लंडांत असा एक सौदा झाला. सव्वाशें पौंडांना घेतलेली ती गाडी पुढच्याच वर्षीं जगांतील सर्वांत वेगवान मोटार ठरली. त्याच्या पुढच्या वर्षीं ती हांकतांना तिच्या धन्याचा प्राण गेला. मग बेचाळीस वर्षें ती समुद्रकांठच्या वाळूंत पुरलेली राहिली, आणि अखेर दुसऱ्याच एका माणसानें तोच प्रश्न स्वतःला पुन्हां विचारला: हिच्या मागें लागावें कीं न लागावें?

ज्यानें ही गाडी प्रथम बांधविली तो काउंट लुई झबोरोव्स्की पैशाचा हिशेब ठेवणारांतला नव्हता. त्याची आई अमेरिकेंतील धनाढ्य ॲस्टर घराण्यांतली. १९११ सालीं ती वारली, तेव्हां सोळा वर्षांचा हा मुलगा अफाट संपत्तीचा मालक झाला. वडील काउंट एलियट हे १९०३ सालींच फ्रान्समधील ला तुर्बीच्या चढावरील शर्यतींत मोटार आपटून मृत्यु पावले होते. मुलानें छंद धरला तो बापाचाच. केंट परगण्यांत कँटरबरीजवळ हायम पार्क नांवाचा त्याचा वाडा होता. तेथें क्लाइव्ह गॅलप या इंजिनीयराच्या साह्यानें विमानांचीं इंजिनें मोटारींच्या सांगाड्यांवर चढविण्याचा उद्योग त्यानें आरंभिला. त्यांतल्या पहिल्या गाडीचें नांव 'चिटी बँग बँग'. इअन फ्लेमिंगनें १९६४ सालीं लिहिलेल्या बालकथेमुळें हें नांव, थोडें लांबून, जगभरच्या मुलांच्या तोंडीं गेलें. पण मूळ गाडी मुलांच्या खेळण्यांतली नव्हती.

विमानांचीं इंजिनें मोटारींवर कां, असा प्रश्न साहजिकच मनांत येतो. त्याचें उत्तर पहिल्या महायुद्धाच्या शेवटाशीं निगडित आहे. १९१७ सालच्या मे महिन्यांत अमेरिकेनें युद्धासाठीं एक सर्वसाधारण विमान-इंजिन आंखण्याचें ठरविलें. पॅकर्ड कंपनीचा जेसी व्हिन्सेंट आणि हॉल-स्कॉट कंपनीचा ई. जे. हॉल या दोघांना वॉशिंग्टनच्या विलर्ड हॉटेलांत बसविण्यांत आलें आणि अवघ्या कांहीं दिवसांत आराखडा तयार झाला. तेंच 'लिबर्टी' इंजिन: बारा सिलिंडर, सत्तावीस लिटर आकारमान, चारशेंच्या वर अश्वशक्ति. अशीं वीस हजारांहून अधिक इंजिनें तयार झालीं. पण युद्ध १९१८ सालीं संपलें, आणि त्यांतलीं पुष्कळ तशींच शिल्लक राहिलीं. ज्या शक्तीचें इंजिन स्वतंत्रपणें घडवावयाला एखाद्या कारखान्याचें दिवाळें निघालें असतें, तें लष्कराच्या जुन्या मालाच्या लिलावांत मिळूं लागलें. शर्यतींच्या शौकिनांना ही पर्वणीच होती.

झबोरोव्स्कीनें असें एक लिबर्टी इंजिन घेऊन 'हायम स्पेशल' ही गाडी बांधविली. ब्रुकलंड्सच्या प्रसिद्ध शर्यत-मार्गावर धांवलेल्या सर्व शर्यतीच्या गाड्यांत हिच्याएवढ्या मोठ्या आकारमानाचें इंजिन दुसऱ्या कोणत्याहि गाडीला नव्हतें. मात्र तिचा गिअर-बॉक्स आणि मागच्या चाकांना फिरविणाऱ्या सांखळ्या युद्धापूर्वीच्या एका बेन्झ गाडीवरून घेतलेल्या होत्या. ती बेन्झ दोनशें अश्वशक्तीची; लिबर्टीची शक्ति साडेचारशें. बैलगाडीच्या जुंवाला हत्ती जुंपावा तसाच हा प्रकार होता, आणि पुढील सगळ्या हकीकतीचें बीज याच विषम सांधणींत आहे, हें ध्यानांत ठेवावयास हवें.

गाडी पुरती वळणावर येण्यापूर्वींच १९२४ सालच्या १९ ऑक्टोबर रोजीं झबोरोव्स्की इटलींत मोंझा येथील ग्रां प्री शर्यतींत मर्सिडीझ हांकीत असतां मरण पावला. बापाच्या अपघाताच्या वेळीं त्याच्या शर्टाच्या बाहीला असलेलीं बटनेंच मुलानें त्या दिवशीं घातलीं होतीं, अशी आख्यायिका आहे. आख्यायिकेहून तिला अधिक किंमत देण्याचें कारण नाहीं. कारखाना बंद पडला. हायम स्पेशल धनी नसलेल्या वाड्यांत पडून राहिली. रस्त्यावर चालविण्याच्या कामाची नाहीं, शर्यतींत भरंवशाची नाहीं, आणि पेट्रोल तर पाण्यासारखें पिणारी. अशी वस्तु मृताच्या मालमत्तेची व्यवस्था पाहणाऱ्यांच्या दृष्टीनें अडगळच होय.

ती अडगळ मागणारा माणूस जॉन गॉडफ्री पॅरी-टॉमस. हा वेल्समधील एका पाद्र्याचा मुलगा, लंडनच्या सिटी अँड गिल्ड्स कॉलेजांत शिकलेला इंजिनीयर. शर्यतींच्या नादानें बिघडलेला कोणी श्रीमंताचा पोर नव्हे. युद्धापूर्वीं त्यानें वाहनांची चाकें विजेच्या साह्यानें फिरविण्याच्या पद्धतीवर काम केलें होतें. पुढें लेलंड या मोटारलॉऱ्या बांधणाऱ्या कंपनीचा तो मुख्य इंजिनीयर झाला, आणि पैशाकडे न पाहतां उत्तमांत उत्तम मोटार कशी असावी याचा नमुना म्हणून त्यानें 'लेलंड एट' ही गाडी आंखली. १९२० सालच्या ऑलिंपियाच्या प्रदर्शनांत तिच्याभोंवतीं लोकांची झुंबड उडाली. पण घेणारे थोडेच निघाले, आणि वीस गाड्यासुद्धां न विकतां कंपनीनें तो नाद सोडला. टॉमसनें मग नोकरीच सोडली. ब्रुकलंड्सच्या शर्यत-मार्गाच्या आंतल्या जागेंत एका छोट्या बंगलींत तो राहूं लागला. लग्न नाहीं, संसार नाहीं, सोबतीला अल्सेशियन कुत्रे. आणि पोटापाण्यासाठीं शर्यतींतील बक्षिसें व दुसऱ्यांच्या गाड्या दुरुस्त करून देण्याचा धंदा. चाळिशीकडे झुकलेल्या, चांगल्या पगाराची जागा भोगलेल्या माणसानें हा जुगार पत्करावा याचें त्याच्या जुन्या सहकाऱ्यांना नवल वाटलें असल्यास नवल नाहीं.

टॉमसला पाहिजे होता जमिनीवरील वेगाचा जागतिक उच्चांक. लेलंड गाडी कितीहि सुधारली तरी तिची ताकद तेवढ्याला पुरी पडण्यासारखी नव्हती. आणि नवी गाडी बांधावयास हजारों पौंड लागत. माल्कम कॅम्बेल नेपियर कंपनीच्या विमान-इंजिनाभोंवतीं खास वेगळी गाडी बांधवीत होता. सनबीम कंपनीचें सारें बळ हेन्री सीग्रेव्हच्या पाठीशीं होतें. अशा वेळीं हायम स्पेशल सव्वाशें पौंडांना मिळत होती. हिंदी चलनांत त्या वेळच्या दरानें सोळा-सतराशें रुपये. तेवढ्या पैशांत त्या सुमारास ऑस्टिन सेव्हन ही चिमुकली गाडीसुद्धां नवी मिळत नसे.

पण स्वस्ताईचा मोह पडून टॉमसनें ही गाडी घेतली असें मानणें त्याच्यावर अन्याय करणें होईल. हा सौदा एखाद्या चोख हिशेबनिसासारखा मांडून पाहावा. गाडीचा सांगाडा भरभक्कम होता, इंजिन निर्दोष होतें, आणि त्याचे सुटे भाग मुबलक मिळत. दोष होते ते हवेशीं टक्कर देणाऱ्या ओबडधोबड अंगांत, इंजिनाच्या श्वासोच्छ्वासांत आणि त्या जुन्या सांखळ्यांत. पहिले दोन दोष दूर करण्याची विद्या टॉमसपाशीं होती, आणि तिचे पैसे त्याला कोणाला द्यावयाचे नव्हते. मोडकी गाडी घेणाऱ्याचा खरा प्रश्न तिची किंमत किती हा नसून, तिच्यांत जें बिघडलें आहे तें आणि आपल्याला जें येतें तें यांची गांठ पडते कीं नाहीं, हा असतो. टॉमसच्या बाबतींत ती बव्हंशीं पडत होती. उरला तिसरा दोष. सांखळ्या काढून टाकावयाच्या तर मागचा अर्धा भाग नवा बांधावा लागणार. तेवढें केलें तर सव्वाशें पौंडांच्या सौद्याला अर्थ तो काय राहिला? सांखळ्या तशाच राहिल्या.

शिवाय एक उदाहरण ताजें होतें. अर्नेस्ट एल्ड्रिज नांवाच्या इंग्रज शर्यतगड्यानें १९०८ सालची एक जुनी फियाट गाडी, जिचें इंजिन ब्रुकलंड्सवर फुटून निकामी झालें होतें, ती घेतली. सांगाडा लांबविला, त्यांत फियाटचेंच विमान-इंजिन बसविलें, आणि १२ जुलै १९२४ रोजीं फ्रान्समध्यें आर्पाझों येथें तासीं १४६ मैलांचा जागतिक उच्चांक केला. या 'मेफिस्टोफिलीस'शीं टॉमसची १९२५ सालच्या जुलैंत ब्रुकलंड्सवर पैज लागली. टॉमस आपल्या लेलंडवर ती जिंकला. परंतु त्या राक्षसी गाडीची धांव त्यानें त्या दिवशीं अगदीं जवळून पाहिली.

गाडी ब्रुकलंड्सला आली. रीड रेल्टन हा तरुण इंजिनीयर टॉमसच्या हाताखालीं होता. पुढें हाच उच्चांकाच्या गाड्या आंखणारा जगप्रसिद्ध शिल्पी झाला. इंजिनाला चार कार्ब्युरेटर बसविण्यांत आले, पिस्टन टॉमसनें स्वतः आंखलेले घातले, आणि वाऱ्याला वाट देणारें लांबट, निमुळतें अंग चढविलें. नांव ठेवलें 'बॅब्स'. इतक्या आडदांड यंत्राला असें लाडकें नांव देण्यांत त्या अबोल माणसाचा थोडा विनोद दिसतो.

१९२५ च्या ऑक्टोबरांत वेल्सच्या दक्षिण किनाऱ्यावर पेंडाइन येथें पहिला प्रयत्न झाला. हवामानानें दगा दिला. पेंडाइनचा किनारा सुमारें सात मैल लांब, सपाट. मात्र भरती आली कीं तो नाहींसा होतो, आणि ओहोटीनंतर वाळू किती घट्ट बसेल हें समुद्राच्या मर्जीवर. थंडीचे दिवस पुन्हां दुरुस्तींत गेले. दरम्यान १६ मार्च १९२६ रोजीं सीग्रेव्हनें साउथपोर्टच्या वाळूवर चार लिटर इंजिनाच्या सनबीममधून १५२ मैलांचा उच्चांक केला. एप्रिलच्या अखेरीस बॅब्स पुन्हां पेंडाइनला आली. २७ तारखेला तिनें १६९ मैलांचा वेग गांठला, आणि दुसऱ्या दिवशीं, जाऊन-येऊन दोन्ही धांवांची सरासरी, तासीं १७१.०२ मैल! उच्चांक एका झटक्यांत जवळजवळ एकोणीस मैलांनीं वर गेला. एका मोठ्या कारखान्याची नवी, सुबक गाडी या दुसऱ्याच्या अडगळींतून काढलेल्या धुडानें मागें टाकली.

येथें ही कथा संपली असती तर जुन्या गाड्या घेणारांना दाखला म्हणून ती कायमची उपयोगी पडली असती. पण अशा गाडीच्या बाबतींत घ्यावी कीं नाहीं या प्रश्नाहून बिकट प्रश्न पुढें येतो: थांबावें केव्हां? घालतां घालतां इतकें तिच्यांत घातलेलें असतें कीं, थोडकें आणखी घालून पुढची मजल गांठतां येईल असें वाटत राहतें. ४ फेब्रुवारी १९२७ रोजीं कॅम्बेलनें आपल्या नव्या 'ब्लू बर्ड'मधून त्याच पेंडाइनवर १७४ मैलांच्या वर वेग गांठला. उच्चांक हुकला तो तीन-चार मैलांनीं. पलीकडे सनबीमची दोन इंजिनांची, हजार अश्वशक्तीची म्हणून गाजत असलेली गाडी अमेरिकेस जाण्याच्या तयारींत होती. तिच्याशीं बॅब्सचा मेळ बसण्यासारखा नव्हता. टॉमस दुसऱ्या, अगदीं निराळ्या, दीड लिटरच्या ठेंगण्या गाड्याहि बांधीत होता. म्हणजे जुन्या धुडांचे दिवस सरले हें त्याला कळत नव्हतें असें नाहीं. तरीसुद्धां तो बॅब्सला घेऊन पेंडाइनला गेला. हातच्या गाडींत तीन-चार मैल आणखी आहेत असें ज्याला स्वतःच्या कानांनीं ऐकूं येतें, त्यानें ती झांकून ठेवावी हें म्हणणें सोपें आहे.

३ मार्च १९२७ रोजीं पूर्ण वेगांत असतां बॅब्स घसरली, उलटली आणि पेटली. टॉमस जागच्या जागीं ठार झाला. जमिनीवरील वेगाच्या उच्चांकाचा प्रयत्न करतांना प्राण गेलेला तो पहिला मोटारहांक्या म्हणून ओळखला जातो. उजवीकडची सांखळी तुटून तिचा तडाखा त्याच्या डोक्याला बसला, असा निष्कर्ष लोकांनीं काढला आणि तो कित्येक वर्षें सर्वमान्य होता. त्यानंतर सव्वीस दिवसांनीं, २९ मार्चला, सीग्रेव्हनें फ्लोरिडांतील डेटोनाच्या किनाऱ्यावर तासीं २०३ मैलांचा वेग गांठला. बॅब्सनें त्या दिवशीं कॅम्बेलवर मात केली असती तरी तो विजय महिनाभरहि टिकला नसता.

टॉमसचें शव सरे परगण्यांतील बायफ्लीटच्या चर्चच्या आवारांत पुरण्यांत आलें. गाडी मात्र तेथेंच, पेंडाइनच्या वाळूंत, खड्डा खणून गाडून टाकली. यंत्राला मूठमाती देण्याचा हा प्रकार विचित्र वाटेल. पण ज्या मित्रांनीं ती गाडी हातांनीं जुळविली होती त्यांना ती भंगारवाल्याच्या गाड्यावर चढतांना पाहणें असह्य झालें असेल. वारा आला, वाळू सरकली, खूण बुजली. दुसरें महायुद्ध येऊन गेलें. तो किनारा लष्करी खात्याच्या शस्त्रचांचणीच्या हद्दींत गेला.

१९६० नंतरच्या दशकांत उत्तर वेल्समधील बँगोर येथें तंत्रविद्येच्या कॉलेजांत शिकविणारा ओवेन विन ओवेन या गृहस्थाच्या मनानें घेतलें कीं, ती गाडी वर काढावी. त्याला द्यावी लागणारी किंमत पैशांत मोजतां येण्यासारखी नव्हती. लष्करी खात्याची परवानगी हवी, टॉमसच्या नातलगांची संमति हवी. आणि गांवांतील कांहीं मंडळींचा उघड विरोध होता. त्यांचें म्हणणें असें कीं, ही एका शूर माणसाची समाधि आहे, तिला हात लावूं नये. हें म्हणणें तुच्छतेनें उडवून देण्यासारखें खासच नव्हतें. माणूस बायफ्लीटला पुरलेला असला तरी पेंडाइनच्या लोकांनीं त्याला मरतांना पाहिलें होतें, आणि त्यांच्या वाडवडिलांनीं ती जागा चाळीस वर्षें सांभाळली होती. उलट ओवेनची बाजू अशी कीं, खारें पाणी समाधीचा मान राखीत नाहीं. आणखी कांहीं वर्षांनीं आंत गंजाशिवाय कांहीं उरणार नाहीं, आणि टॉमसच्या हातचें काम पाहावयास कोणालाहि मिळणार नाहीं.

१९६९ सालीं वाळू उपसली गेली. वर आलें तें पाहून कोणाहि शहाण्या माणसानें हात झटकले असते. मिठानें पत्रा खाल्लेला, अंग कुजलेलें, अवयव एकमेकांत घट्ट चिकटून बसलेले. १९२५ सालीं टॉमसपुढें होती ती निदान चालणारी गाडी होती. ओवेनपुढें होता गाडीचा सांपळा. नवे भाग बाजारांत मिळण्याचा प्रश्नच नव्हता. पण येथेंहि जुना हिशेब लागू पडला: त्याला यंत्रविद्या येत होती, ती तो शिकवीत होता, आणि त्याला कोणताहि उच्चांक गांठावयाचा नव्हता. वेळेची मर्यादा नव्हती. जो भाग वांचविण्यासारखा होता तो घांसूनपुसून वांचवावा, जो नव्हता तो पुन्हां घडवावा. असें करीत सुमारें पंधरा वर्षें लोटलीं. या दीर्घ उद्योगांतून एक गोष्ट अशीहि निघाली कीं, अपघाताच्या कारणाविषयीं जुनी समजूत डळमळली. सांखळीच्या आधीं मागचें चाक निकामी झालें असावें, असा तर्क पुढें आला. सांखळीचें नांव इतकीं वर्षें घेतलें गेलें, कारण ती नजरेस भरणारी व जुनी होती. दोष तिचाच होता कीं काय, हें सांगावयाला साक्षीदार म्हणून ती गाडीच तेवढी उरली होती, आणि ती वाळूखालीं होती.

इंजिन पुन्हां सुरू झालें. सत्तावीस लिटरचें तें लिबर्टी जेव्हां धडधडूं लागतें तेव्हां, ऐकणारे सांगतात, आवाज कानांपेक्षां छातींत अधिक जाणवतो. पेंडाइनला १९९६ सालीं वेगाच्या उच्चांकांचें संग्रहालय उघडलें तें बॅब्सला डोळ्यांपुढें ठेवूनच. त्याच्या जागीं २०२३ सालीं नवी इमारत झाली. ज्या गांवांतील लोकांनीं खड्डा उकरण्यास विरोध केला होता, त्याच गांवांत ती गाडी किनाऱ्यापासून हांकेच्या अंतरावर आहे. वर्षाचे कांहीं महिने तिला ब्रुकलंड्सच्या संग्रहालयांतहि ठेवीत आले आहेत, टॉमसच्या त्या छोट्या बंगलीच्या परिसरांत, जेथें १९२५ सालीं ती हायम पार्कहून प्रथम आली होती.